मृत्यूचं कारण : साधं पेट्रोल

१

मावशीची थोरली बहीण, ताई, वारली तेव्हा मावशी येऊन गेली होती. त्या वेळी ती चिठ्ठी नव्हती. तीन आठवड्यांनी परत आली तर भाच्याच्या, दादूच्या, खोलीच्या दारावर, बरोब्बर डोळ्यांसमोर येईल अशी, पांढरी चौकोनी चिठ्ठी. चारी कोपरे डिंकाने नीट चिकटवलेले आणि वर भाऊजींचं मोत्यासारखं अक्षर : 'मृत्यूचं कारण : साधं पेट्रोल. जबाबदार : ह्या खोलीतला इसम.'

खाली तारीख आणि सही.

भाऊजींच्या चिठ्ठ्यांचं मावशीला तसं नवल नव्हतं. चौतीस वर्षं ते शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. बाटल्या धुवायच्या, पुसायच्या, चिठ्ठी चिकटवायची. निवृत्त झाल्यावर बाटल्या सुटल्या, चिठ्ठ्या काही सुटल्या नाहीत. स्वयंपाकघरात एका बरणीवर 'मीठ. खाण्यायोग्य.' शेजारच्या बरणीवर 'साखर. मीठ नव्हे.' भिंतीवरच्या एका बटणावर 'पंखा' आणि बाजूच्या बटणावर 'पंखा नव्हे'. ताई म्हणायची, "मी झोपेत कूस बदलत राहते म्हणून वाचले गं. नाहीतर एखाद्या सकाळी माझ्या कपाळावर 'पत्नी' असं चिकटवलेलं सापडेल."

मावशीने दार लोटलं. दादू खोक्यात पुस्तकं भरत बसला होता. अडतीस वर्षांचा माणूस, चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात चांगला कारागीर, पण आत्ता शाळेत मार खाऊन आलेल्या पोरासारखा दिसत होता.

"रविवारी निघतोय," तो म्हणाला. "दुसऱ्या गावच्या कारखान्यात बदली मागून घेतली."

"परत कधी येणार?"

"कशाला परत येऊ? चिठ्ठी वाचलीस ना?"

मावशी खोक्यावर बसली. "मला नीट सांग. फोनवर तू नुसता रडत होतास, एक अक्षर कळलं नाही."

दादूने सांगितलं. गाडी बाबांची, पण चालवायची आई. दर शनिवारी पेट्रोल भरायलाही तीच जायची. बाबांची शिस्त कडक : गाडीला प्रीमियमच, महागातलं पेट्रोल. गाडी तरी कसली, बारा वर्षांची, चढावर धापा टाकणारी डबी. पण तिला प्रीमियम. त्या शनिवारी आईचा गुडघा दुखत होता म्हणून दादू गेला. आणि त्याने साधं भरलं.

"मुद्दाम?"

"मुद्दाम. गाडीच्या पुस्तकात छापलंय, साधं चालतं. मला बाबांना दाखवून द्यायचं होतं. आठवडा जाऊ द्यायचा आणि मग सांगायचं, बघा, काही फरक पडला का? आईला विचारून गेलो होतो. ती नुसती हसली. म्हणाली, भर रे काहीही." त्याने हातातलं पुस्तक खोक्यात टाकलं. "मंगळवारी बाबांना बिल सापडलं. घर डोक्यावर घेतलं. बुधवारी सकाळी मी कामावर गेलो आणि आईच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले अर्धा तास लागेल. दवाखाना गाडीने दहा मिनिटांवर. बाबांनी तिला मागच्या सीटवर आडवं केलं, गाडी काढली. आणि उड्डाणपुलाच्या चढावर गाडी बंद पडली. शेवटी एका ट्रकवाल्याने नेलं तिला. तोवर..."

दादूने खोक्यावरची लोंबती चिकटपट्टी उगाचच दाबून बसवली.

"मावशी, तू तीस वर्षं विमा कंपनीसाठी फुटक्या गाड्या तपासल्यास. मला एवढंच सांग. वरचे चार पैसे वाचवायला आणि बापाला खोटं पाडायला मी माझी आई मारली का?"

"आणि मारली असलीस तर?"

"तर तसं सांग. हे मधलं सहन होत नाही."

मावशीने पर्समधून वही काढली. ती फक्त आपली बहीण गेली म्हणून आली होती. आता काम निघालं होतं.

२

तीस वर्षांत मावशी एक गोष्ट शिकली होती. अपघाताबद्दल सगळे खोटं बोलतात. प्रत्येक गाडी वीसच्या स्पीडने चाललेली असते आणि प्रत्येक झाड स्वतःहून रस्त्यात आलेलं असतं. म्हणून ती आधी माणसाला भरपूर बोलू द्यायची. भाऊजींच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नव्हता.

"ऑक्टेन!" भाऊजी म्हणाले. खुर्चीत ताठ, अंगात इस्त्रीचा शर्ट, बटण मात्र एक घर चुकलेलं. ताई असती तर दारातच नीट केलं असतं. "धाकटे, तुला ऑक्टेन म्हणजे काय माहीत आहे का?"

"पेट्रोल दाबलं तर वेळेआधी पेटू नये, त्याचं माप. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला जास्त लागतं. तुमच्या गाडीच्या इंजिनात दाब कुठला आलाय भाऊजी? त्यापेक्षा माझ्या कुकरमध्ये जास्त असेल."

"हेच! हेच ते अर्धवट ज्ञान!" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "शाळेत मला आयुष्यभर दुय्यम प्रतीची रसायनं मिळाली. शुद्ध माल कपाटात, कुलपात. साहेब तपासणीला आले की बाहेर. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या घरात येईल ते वरच्या प्रतीचं. तुझ्या ताईला मी काय दिलं गं? बंगला दिला नाही, दागिना दिला नाही. निदान ती ज्या गाडीत बसते तिच्यात चांगलं पेट्रोल असावं..."

मग भाऊजींनी स्वतःला सावरून एक जाड वही पुढे केली. वर चिठ्ठी : 'वाहनाचा स्वभाव'.

अकरा वर्षांच्या नोंदी. दर शनिवारी ताई पेट्रोल भरून आली की भाऊजी तिच्याबरोबर एक चक्कर मारायचे आणि लिहायचे. 'प्रीमियम. इंजिन प्रसन्न.' 'प्रीमियम. चढ हसतमुखाने चढली.' 'प्रीमियम. हॉर्नमध्येही सुधारणा.'

"हॉर्नमध्ये?"

"सूक्ष्म फरक असतो. कान लागतो त्याला."

मावशीने शेवटची पानं उलटली. शनिवार : 'आवाज नेहमीप्रमाणे मधुर.' सोमवार : 'सौ. दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. गाडी उत्तम.'

तिचं बोट थबकलं. "भाऊजी, शनिवारी साधं पेट्रोल भरलं. सोमवारी तुम्ही लिहिताय गाडी उत्तम."

"तेव्हा मला बिल सापडलं नव्हतं."

"गाडीला सापडलं होतं ना? शनिवारी, रविवारी, सोमवारी गाडी धावली आणि बुधवारी तिला राग आला?"

भाऊजींनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. "साठतं ते. हळूहळू विष भिनतं."

मावशीने पान उलटलं. मंगळवार नव्हताच. शिवणीजवळ कागदाची एक बारीक कड तेवढी उरली होती, फाडलेल्या पानाची.

"इथलं पान?"

"शाई सांडली," भाऊजी म्हणाले.

सगळी वही पेन्सिलीने लिहिलेली होती.

३

पेट्रोलपंपावरच्या बाईला पंपावर सगळे 'ताईसाहेब' म्हणायचे. पन्नाशीची, धिप्पाड, डोक्याला रुमाल, आणि आवाज असा की चौथ्या गाडीवाल्याने काच न उघडता ऐकावं. मावशीने ओळख सांगितली तशी तिने पाइप जागेवर लावला आणि मावशीचे दोन्ही हात धरले.

"नाक अगदी तसंच आहे," ती म्हणाली आणि डोळे पुसले.

मावशीने कामाचं विचारलं. पेट्रोलमध्ये पाणी, भेसळ, असं काही?

"अहो, पाणी असतं तर त्या शनिवारी शंभर गाड्या रस्त्यात बसल्या असत्या आणि मी आत्ता दवाखान्यात असते, मार खाऊन. टाकी एक, पाइप एक. तुमच्या भाच्याच्या मागे रिक्षा होती. ती रोज येते, बिचारी खोकतसुद्धा नाही."

"मग साध्या पेट्रोलने एखादी गाडी बंद पडू शकते? जिला अकरा वर्षं प्रीमियमची सवय आहे अशी?"

पंपवाल्या बाईने इकडेतिकडे पाहिलं. मग मावशीला हवा भरायच्या मशीनमागे नेलं.

"आता त्या गेल्या, म्हणून सांगते. शपथ घातली होती मला. तुमच्या बहिणीने त्या गाडीत प्रीमियम कधी भरलंच नाही."

"कधीच?"

"पहिल्या महिन्यात भरलं असेल. मग मीच म्हटलं, वहिनी, ह्या गाडीला कशाला? ज्यांच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्यांनी भरावं. ही म्हणजे माझ्यासारखी आहे, हिला पोळी काय नि पाव काय. त्या हसल्या. म्हणाल्या, त्यांना आवडतं हो. मग साधं भरायच्या, बिल इथेच फाडायच्या आणि वरचे पैसे उरायचे त्यात..." तिने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. तिथे आइसक्रीमचं दुकान होतं.

"आइसक्रीम?"

"दोन कप. एक त्यांचा, एक माझा. अकरा वर्षं, दर शनिवारी. तिथे बाकावर बसायचो. एकदा म्हणाल्या, घरी गेल्यावर हे माझ्याबरोबर चक्कर मारतात आणि गाडी किती खूश आहे ते सांगतात. मी म्हणते, हो. खोटं नाही ना ते? खूश मीच असते."

मावशी त्या बाकाकडे बघत राहिली. ताईने तिला सगळं सांगितलं होतं, असा तिचा साठ वर्षं समज होता. नवऱ्याच्या घोरण्यापासून पायाच्या नखापर्यंत सगळं. हे नाही सांगितलं. एका परक्या बाईबरोबर बसून ताई आइसक्रीम खात होती, आणि मावशीला जिवंत बहिणीचा राग यावा तसा मेलेल्या बहिणीचा राग आला. मग रडू आलं. पंपवाल्या बाईने रुमाल दिला. त्याला पेट्रोलचा वास होता.

डोळे पुसता पुसताच मावशीचं डोकं चालायला लागलं. अकरा वर्षं गाडी साध्यावर चालली. दादूने भरलं ते रोजचंच होतं. म्हणजे दादू सुटला.

मग मंगळवारी त्या टाकीत दुसरं काय गेलं?

४

गाडी मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये उभी होती. मिस्त्री हा मनुष्य संशयित म्हणून मावशीला फारच आवडला. दोन महिन्यांपूर्वी त्यानेच गाडीचं सर्व्हिसिंग केलं होतं, आणि मिस्त्री लोकांनी काढलेले स्क्रू आणि परत बसवलेले स्क्रू यांची बेरीज कधी जुळत नाही, हा तिचा अनुभव होता.

"माझ्याकडे बघू नका," तो आधीच म्हणाला. "माझं काम बघा." आणि त्याने फळीवरचा पत्र्याचा डबा खाली काढला. "जुना पार्ट मी लगेच फेकत नाही. महिनाभर ठेवतो, गिऱ्हाइकाच्या नावाने. लोक घरी जाऊन विचार करतात आणि भांडायला परत येतात. मग मी डबा काढतो."

प्लॅस्टिकच्या पिशवीत पेट्रोलचा फिल्टर आणि टाकीच्या पंपाची जाळी होती. जाळीवर पांढरट, पापुद्र्यासारखा थर बसला होता. पिठात बुचकळून वाळवल्यासारखा.

"सपाट रस्त्यावर कशीबशी ओढली असेल," मिस्त्री म्हणाला. "चढ लागला, टाकीतला सगळा गाळ मागे सरकला, जाळीवर बसला. पेट्रोल बंद, गाडी बंद. जाळी झटकली असती तर दोन मिनिटांत सुरू झाली असती. पण ते टाकीत कोण बघणार? सगळे बॉनेट उघडतात."

"आणि हे साध्या पेट्रोलचं नाही?"

"साध्या पेट्रोलने असं व्हायला लागलं तर मी दोन बंगले बांधीन. हे कुणीतरी घातलंय. भुकटी आहे कसली तरी. अर्धी विरघळली, अर्धी नाही."

"वास घेऊन बघितलात?"

"बाई, तीस वर्षं हे नाक पेट्रोलमध्ये आहे. माझ्या लग्नात मला अत्तर लावलं होतं, तेही मला कुणीतरी सांगितलं म्हणून कळलं."

मावशीने पिशवी उघडली आणि नाकाशी नेली.

आणि तिथे, त्या तेलकट फरशीवर, टायरांच्या ढिगात, तिला ताई आठवली. अशी लख्ख की ती मागे सरकली. ताईने दार उघडून मिठी मारली की येणारा वास. ताईच्या ठेवणीतल्या साड्यांचा. मावशीने पिशवी बंद केली. दुःखाने माणसाचं नाकसुद्धा बिघडतं, असं तिने स्वतःला समजावलं. तीनच आठवडे झालेत, असं होतं. पेट्रोलमध्ये कुठून येणार ताई?

"हे भाऊजींना दाखवलंत?"

"शुक्रवारीच आले होते. ताई गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी. जाळी हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, हा साध्या पेट्रोलचा मळ आहे, मला द्या, मी घरी तपासतो. मी म्हटलं, महिना झाल्याशिवाय डब्यातलं काही जात नाही." मिस्त्रीने डबा परत फळीवर ठेवला. "हात जोडले हो त्यांनी. जाळीसाठी. एवढा शिकलेला माणूस."

५

घरी आली तर भाऊजी फिरायला गेले होते. मावशी सरळ ताईच्या कपाटाकडे गेली. मघाचा तो वास घ्यायला, दुसरं काही नाही. दार उघडलं, साड्यांच्या घडीत तोंड खुपसलं. उरलासुरला होता, पुसट. कोपऱ्यात मलमलीच्या छोट्या पिशव्या टांगलेल्या असायच्या. टांगलेल्या होत्याही. तिने एक दाबली. रिकामी. दुसरी रिकामी. सगळ्या रिकाम्या.

ती तशीच खाली बसली. नाक बिघडलं नव्हतं. तिचं नाक अगदी बरोबर होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, नसतं तर बरं झालं असतं.

भाऊजींचं एक कपाट वेगळं होतं. त्यात निवृत्तीच्या वेळी शाळेने दिलेला चिनी मातीचा खल, काचेचं नरसाळं आणि घरच्या सामानाच्या बाटल्या. खल घासून लख्ख केलेला होता. दुसऱ्या फळीवर रिकामी, धुतलेली बरणी. पान फाडणारा माणूस, जाळीसाठी हात जोडणारा माणूस. पण चौतीस वर्षांची सवय हाताला चिकटलेली असते, डोक्याला विचारत नाही. वस्तू काढली की बरणीवर लिहायचं. चिठ्ठीवर लिहिलं होतं :

'डांबरगोळ्या. सुगंधी, दीर्घकाळ टिकणाऱ्या, सर्वोत्तम प्रत. मंगळवारी काढल्या : सर्व. पिशव्यांतल्या धरून. शिल्लक : शून्य.'

मावशीला आता सगळं ओळीने दिसलं. मंगळवारी बिल सापडलं. टाकीत साधं पेट्रोल, म्हणजे त्यांच्या लेखी विषच, आणि उद्या त्या गाडीत बायको बसणार. डांबरगोळ्यांनी पेट्रोलची ताकद वाढते ही जुनी समजूत. कुठल्या तरी सुट्टीत कुणी तरी शास्त्राच्या मास्तराने सांगितलेली. गोळ्या खलात कुटल्या, नरसाळ्याने टाकीत ओतल्या. साध्याचं प्रीमियम करायला निघाले. तेही साध्या गोळ्यांनी नाही. स्वस्तातल्या साध्या गोळ्या असत्या तर बहुतेक विरघळूनही गेल्या असत्या. ह्या वरच्या प्रतीच्या. जास्त टिकाव्यात म्हणून आत कसली तरी भुकटी घातलेल्या. ती टिकली.

"धाकटे."

भाऊजी दारात उभे होते. त्यांनी तिच्या हातातली बरणी पाहिली. मग आत येऊन पलंगाच्या कडेला बसले. ताईची बाजू होती ती.

"प्रमाण चुकलं," ते म्हणाले.

"भाऊजी..."

"मी दर लिटरला दोन धरल्या. मग वाटलं, आणखी थोड्या घालाव्यात. तिच्यासाठी आहे, हात कशाला आखडायचा?"

मावशीला त्यांना ओरडून बोलायचं होतं. बरणीवरची चिठ्ठी वाचताना वाक्यं तयार झाली होती, चांगली धारदार. एकही आठवेना. "पोराच्या दारावर चिठ्ठी लावलीत तुम्ही. शुक्रवारी जाळी बघितलीत, आणि शनिवारची तारीख आहे त्या चिठ्ठीवर."

"हो."

"माहीत असून?"

"माहीत होतं म्हणूनच." त्यांनी पलंगावरच्या चादरीची सुरकुती सरळ केली. "कुणाचं तरी नाव लिहावं लागतं ना गं. नाहीतर आपलं लिहावं लागतं."

"गाडी चालली असती तर ती वाचली असती असं कुणी सांगू शकत नाही," मावशी म्हणाली. "मी डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले, कदाचित हो, कदाचित नाही. पण तो पोरगा रविवारी निघालाय. जन्मभर स्वतःला खुनी समजत बसणार आहे. एक तर तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

एक गोष्ट तिच्या अगदी जिभेवर आली होती. बाकावरची, दोन कपांची. तुमच्या गाडीने अकरा वर्षं प्रीमियम चाखलंच नाही, भाऊजी. ती सांगितली असती तर तिचा मुद्दा पक्का झाला असता. पण मुद्द्याला त्याची गरज नव्हती, आणि ते ताईचं होतं. मावशीने ते गिळलं.

भाऊजी उठले. पलंगाला धरून उठले.

"तू ये बरोबर," ते म्हणाले. "मला एकट्याला सुरुवात जमणार नाही."

६

दादू शेवटचं खोकं बांधत होता. बापाला दारात पाहून त्याचे हात थांबले. तीन आठवड्यांत दोघं एका खोलीत आले नव्हते.

"गोळ्या मी टाकल्या," भाऊजी म्हणाले.

"कसल्या गोळ्या?"

भाऊजींनी सांगायला सुरुवात केली ती प्रयोगाच्या वहीसारखी. साहित्य. कृती. निरीक्षण. खल, नरसाळं, किती गोळ्या, किती लिटर. दादू मावशीकडे बघायला लागला. मावशीने मान हलवली, खरं आहे. निष्कर्षापर्यंत आले तेव्हा भाऊजींचा आवाज संपला.

दादूच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी येईल अशी मावशीची अपेक्षा होती. आलं नाही.

"म्हणजे मी नाही," तो म्हणाला.

"नाही."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"शुक्रवारपासून."

"बाबा, मी त्या पुलावर जाऊन उभा राहायचो. कामावरून सुटल्यावर, रोज. मी तिथे..." त्याने हातातली दोरी खोक्यावर आपटली. "मी साधं भरलं कारण मला खरं ठरायचं होतं. तुम्ही गोळ्या टाकल्यात कारण तुम्हाला खरं ठरायचं होतं. आणि आई मध्ये."

"हो," भाऊजी म्हणाले.

"हो काय हो! भांडा ना! एरवी मिठाच्या बरणीवरून भांडता!"

भाऊजी भांडले नाहीत. शर्टाचं चुकलेलं बटण चाचपत उभे राहिले. दादूचा राग त्या बटणापाशी येऊन अडखळला. तो मटकन खाली बसला, भिंतीला टेकून. थोड्या वेळाने अगदी वेगळ्याच आवाजात त्याने विचारलं, "ती काही म्हणाली का? पुलावर?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही तिथेच होतात ना!"

"मी बाहेर होतो. बॉनेट उघडून." भाऊजींनी दाराच्या चौकटीला हात लावला. "मागच्या काचेवर ती टकटक करत होती. दोनदा केली. मी म्हटलं, थांब, आधी हे बघतो. मी मोठ्याने बोलत होतो. साध्या पेट्रोलबद्दल. बघ म्हटलं, तुझ्या लेकाचे प्रताप. मग टकटक थांबली. मला वाटलं, पटलं तिला."

मावशीने तोंडावर हात दाबला. तीस वर्षांत तिने बरेच जबाब लिहून घेतले होते, हा तिला लिहिता आला नसता.

दादू मान खाली घालून रडत होता, आवाज न करता. भाऊजी त्याच्याकडे गेले, खाली बसायला गेले, गुडघे वाकेनात. दादूने वर न बघता एक हात पुढे केला. तो धरून ते कसेबसे फरशीवर टेकले. दोघंही समोरच्या खोक्यांकडे बघत राहिले.

"मी रविवारी जाणारच आहे," दादू म्हणाला.

"जा."

"रागाने नाही. म्हणजे, रागाने पण."

"जा तू."

मावशी दबक्या पावलांनी बाहेर निघाली. उंबऱ्यापाशी तिला दादूचा आवाज ऐकू आला.

"सकाळपासून सांगा. मी गेल्यानंतर. पेट्रोल वगैरे नको. नुसतं तिचं सांगा."

भाऊजींनी एकदा सुरू केलं, थांबले, पुन्हा सुरू केलं.

"तू गेलास तेव्हा ती खिडकीत होती. मग म्हणाली, मला जरा कसंतरी होतंय. मी म्हटलं, चल. तर म्हणाली, केस विंचरते. अशी कशी येऊ डॉक्टरांकडे? मी विंचरले मग. मला कुठे येतात... तर हसली. निघताना तिच्या पायात एकच चप्पल होती. दुसरी मिळेना. मी म्हटलं, राहू दे, तर ऐकेना. म्हणाली, तुम्ही पलंगाखाली बघा. मी पलंगाखाली शिरलो. आणि ती वरून सांगत होती, आणखी आत, आणखी आत, डावीकडे..."